दराचं झालं, आता जनावराचं पण बोलूया: समस्त मटणप्रेमी कोल्हापूरकरांना खुलं पत्र

प्रति,
२०१९ ला मटणाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलेले सगळे कोल्हापूरकर, पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळांचे कार्यकर्ते, हॉटेलवाले, खानावळवाले, मटण-चिकनचे दुकानदार, आणि "आम्ही नाही बा खात" म्हणून हे पत्र न वाचता पुढं जाणारे सुद्धा,

सगळ्यांना नमस्कार.

मटणाचा दर वाढला म्हणून परत ग्रुपवर मेसेज फिरायला लागलेत. परत समिती करूया, परत बहिष्कार टाकूया, २०१९ ला दाखवलं तसं परत एकदा दाखवून देऊया. कुणीतरी मागण्यांची यादी पण टाकली, तिच्यात दर होता, वजनकाटा होता, शिळं-ताजं होतं, सगळं होतं. मी खाली एवढंच लिहिलं की भावांनो, जनावर कसं वाढवतात, कसं आणतात, कसं कापतात ह्याचा पण एक मुद्दा घाला की. त्यावर एकानं लिहिलं, "मग काय बोकडाला एसी लावायचा काय?" आणि खाली हसणाऱ्या तोंडांची लाईन लागली. हसलो मी पण. पण यादीत मुद्दा काही आला नाही, म्हणून हे पत्र.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा कुठल्यातरी शाकाहारवाल्यांचा माणूस. हातकणंगले तालुक्यात माझं ब्रॉयलरचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. घरात रविवारी मटण असतंय, आखाडात पाव्हणं येतात, पांढरा रस्सा वाटीनं नाही तांब्यानं लागतो. म्हणजे मी खाणारा पण आहे आणि ह्याच धंद्यावर घर चालवणारा पण. खाऊ नका असं सांगायला मी आलेलो नाही. पण मारून खायचंच असेल तर त्याच्या आधीचं सगळं जगणं आपल्या माथ्यावर येतं, ते बघायचं नाही आणि नुसता दर बघायचा, हे मला पटत नाही.

आणि तुम्हालाच का लिहितोय, तर तुम्ही करून दाखवलंय म्हणून. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरनं कोल्हापुरात जे झालं ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं, लोकांनी चेष्टा पण केली, की बघा हे लोक कशासाठी आंदोलन करतात. मला त्याची लाज कधीच वाटली नाही. गिऱ्हाईक एकत्र आलं की बाजाराला ऐकावं लागतं, हे तेव्हा दिसलं. तीच ताकद दुसऱ्या कामाला लावा म्हणतोय, आता माझी गाऱ्हाणी ऐका.

पहिलं गाऱ्हाणं माझ्याच शेडचं आहे. कंपनीची गाडी एक दिवसाची पिल्लं आणून सोडते. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाईट, पाणी, तूस, मजुरी माझी. पाच-सहा आठवड्यांत त्याचा दोन किलोच्या वरचा पक्षी होतो आणि गाडी येऊन घेऊन जाते. मला पैसे किलोवर, त्यात किती खाद्यात किती वजन बसलं आणि मर किती झाली, म्हणजे किती पक्षी मेले, ह्याचा हिशोब. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा येते. पहिल्या आठवड्यात शेड मोकळं वाटतं, पिल्लं इकडनं तिकडं पळतात, बघायला बरं वाटतं. पाचव्या आठवड्यात आत गेलं की खालचं तूस दिसत नाही, नुसत्या पांढऱ्या पाठी. आणि जागा दिली तरी ते पळणार नाहीत, कारण छाती एवढी वाढलेली असते की पायाला झेपत नाही, दोन पावलं टाकायची आणि बसायचं. काहींचे पाय फाकतात, ते पाण्याच्या निपलपर्यंत सुद्धा पोचत नाहीत, त्यांना रोज सकाळी वेचून बाजूला काढायचं आणि पुढं काय करायचं ते मी इथं लिहीत नाही, शेडवाल्यांना माहिती आहे. बसून बसून छातीची पिसं जातात, कातडी लाल पडते. पावसाळ्यात तूस ओलं झालं की अमोनियानं डोळे चुरचुरतात, मी बाहेर येऊन तोंडावर पाणी मारतो. ते आतच असतात.

हा काय रोग नाही, हे असंच बनवलेलं आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात संशोधकांनी १९५७ च्या जातीची कोंबडी आणि २००५ च्या जातीची कोंबडी एकच खाद्य घालून वाढवली. ५६ दिवसांनी जुनी साधारण ९०० ग्रॅमची भरली आणि नवी ४ किलोच्या वर. खाद्य तेच, दिवस तेवढेच, म्हणजे वाढ इंजेक्शनची नाही (लोकं मला सारखं विचारतात, इंजेक्शन देतोस काय, नाही ओ), वाढ जातीतच घातलेली आहे आणि त्या वाढीखाली तो पक्षी स्वतःच दबून जातो. ह्या पिल्लांच्या आईबापांची तऱ्हा तर त्याहून वाईट. त्यांना पोटभर घातलं तर अंगानंच मरतील, अंडी देईपर्यंत टिकणार नाहीत, म्हणून ब्रीडर फार्मवर त्यांना मोजून मापून, अर्धपोटी ठेवून वाढवतात. पिल्लाला थांबू न देता खायला लावायचं आणि आईला भुकेलं ठेवायचं, अशी ही सगळी व्यवस्था आहे, आणि ती आपल्या दोनशे-अडीचशे रुपये किलोच्या चिकनवर उभी आहे.

आता म्हणाल, मग तू पक्षी कमी घे की. घेतला असता. कमी पक्षी घातले तर मर कमी होते, तूस कोरडं राहतं, उन्हाळ्यात दुपारी चोच वासून धापा टाकणारी कोंबडी कमी दिसते, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसतंय. पण कमी पक्षी म्हणजे कमी किलो, आणि कर्जाचा हप्ता तेवढाच. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणतो वरनं परवानगी नाही, वरचे म्हणतात व्यापारी दर देत नाही, व्यापारी म्हणतो गिऱ्हाईक असलं काय विचारत नाही. शेवटी सगळं येऊन गिऱ्हाईकावर थांबतं, आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी.

दुसरं गाऱ्हाणं उचलण्याचं. गाडी रात्री येते, अंधारात पक्षी शांत असतो म्हणून. पोरं आत शिरतात, एका हातात चार-पाच पाय धरून उलटं उचलतात, क्रेटमध्ये कोंबतात, वजन करतात, गाडीवर चढवतात. ती पोरं वाईट नाहीत, त्यांना गाडी भरल्यावर पैसे मिळतात, सावकाश कर म्हणून कोण जादा पैसे देत नाही. पंखाचं हाड मोडलेला आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. मग सकाळी ह्याच पक्ष्यांचे पाय बांधून टू-व्हीलरच्या हँडलला दोन्ही बाजूला उलटी टांगून, मुंडकी चाकाला लागत, कुणीतरी पुलावरनं जाताना तुम्ही बघितलाय, मी पण बघतो, आपण सगळे बघतो आणि हॉर्न मारून पुढं जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असं नेणं सरळ सरळ गुन्हा आहे. आणि त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आता आपल्याकडं धड मिसळ मिळत नाही.

आणि दर पडला की ह्या जिवांची किंमत काय राहते ते पण आपण बघितलंय. मार्च २०२० ला चिकननं कोरोना होतो अशी अफवा उठली, दर मातीत गेला आणि शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात एका शेडवाल्यानं हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात घालून पुरल्या. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आलता. लोकांनी त्या माणसाला शिव्या घातल्या. मला तो माणूस राक्षस वाटला नाही, खाद्याला पैसे नसलेला शेडवाला वाटला. पण ती कोंबडी पण जिवंत होती.

तिसरं, कापण्याचं. इथं मला जरा तुलना करू द्या. आमच्या शिवारात पीक निघालं की धनगर मेंढरं बसवतात, खतासाठी. बकरं पण शेवटी कापायलाच जातं, त्यात काय लपवाछपवी नाही. पण कापेपर्यंत ते चालतं, चरतं, आईच्या मागनं ओरडत पळतं, आणि धनगराला त्यातलं लंगडतंय कुठलं ते शंभरात ओळखू येतं. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, ती काय उगाच नाही. जनावराबरोबर जगून मग त्याला खाणारी माणसं आपल्याकडं अजून आहेत. आमच्या गावच्या मुलाणीचाचांची मला आठवण आहे, गावात बकरं कापायचं काम त्यांचं. सुरीला धार नसली तर ते हात लावायचे नाहीत, आधी जनावराला पाणी पाजायला लावायचे, एका बकऱ्यासमोर दुसरं कापायचं नाही, त्याच्यादेखत सुरीला धार लावायची नाही, आणि पोरांची गर्दी झाली तर आधी पोरांना हाकलायचे. "आमच्यात तसं सांगितलंय," म्हणायचे.

गंमत म्हणजे सरकारनं २००१ ला कत्तलखान्यांचे नियम केले त्यात हेच सगळं कायद्याच्या भाषेत आहे. दुसऱ्या जनावराच्या नजरेसमोर कापायचं नाही. तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती द्यायची. गाभण कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं कापायचं नाही. पशुवैद्यकानं आधी तपासायचं, आणि त्यानं पण तासाला १२ आणि दिवसाला ९६ च्या वर जनावरं तपासायची नाहीत, म्हणजे नुसता शिक्का मारत सुटायचं नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही रविवारी सकाळी रांगेत उभं राहून जे मटण आणता त्या बकऱ्याला कुणी तपासलं होतं, ते रात्रभर कुठं होतं, त्याच्यासमोर किती कापली, हे कधी विचारलंय का? दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. चिकनच्या दुकानात तर जाळीतली कोंबडी समोरच बघत असते, शेजारची ड्रममध्ये फडफडत असते, आणि आपण "लेगपीस जास्त घाल" म्हणत मोबाईल बघत असतो.

२०१४ ला सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आला, ज्यानं आपल्या बैलगाडी शर्यती बंद पडल्या, तो सगळ्यांना पाठ आहे, शर्यती परत चालू झाल्यावर गुलाल पण उधळला. पण त्याच निकालात कोर्टानं जनावराच्या पाच स्वातंत्र्यांचं सांगितलंय: भूक-तहान नको, हाल नकोत, दुखणं-इजा नको, भीती नको, आणि जातीला धरून वागायला मोकळीक हवी. शर्यतीचा बैल आपण खायला घालून पोराहून जास्त जपतो म्हणून भांडलो, बरोबर आहे, जपतोच. मग ब्रॉयलरला ह्यातलं एक तरी मिळतं का ते सांगा. २०१७ ला विधी आयोगानं २६९ नंबरचा अहवाल दिला, त्यात ब्रॉयलर कसे ठेवावेत ह्याच्या नियमांचा मसुदाच जोडून दिला होता. माझ्या शेडवर त्यातला एक कागद घेऊन आजवर कोण आलेला नाही.

चौथं, आपला आखाड. त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहायचं, पी ढबाक वाजवत मिरवणुका काढायच्या आणि गल्लीगल्लीत जेवणावळी घालायच्या, ह्याला मी कधी नाव ठेवणार नाही, ती मजा दुसऱ्या कुठल्या गावात नाही. पण बकरं आदल्या दिवशी आणून स्पीकरच्या भिंतीशेजारी बांधायचं, रात्रभर ते थरथरत उभं, पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढणार, आणि सकाळी धार नसलेल्या सुरीनं कुणीतरी हौशी गडी हात साफ करून घेणार, हे देवीनं कधी मागितलं होतं? नैवेद्य दाखवायचा तर त्या जिवाला निदान शेवटची रात्र शांत मिळू दे.

पाचवं राजकारणाचं, आणि हे मुद्दाम लिहितोय. २०२५ च्या मार्चमध्ये झटका, म्हणजे एका घावात कापलेलं, मटण विकणाऱ्या हिंदू दुकानदारांसाठी मल्हार सर्टिफिकेट निघालं, मग ऑगस्टमध्ये १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीत कत्तलखाने आणि मटणाची दुकानं बंद ठेवायच्या आदेशावरनं गदारोळ झाला. दोन्ही वेळा बाजूनं आणि विरोधात लई लोक बोलले. पण कापणारा कोण हेच सगळ्यांना बघायचं होतं, कापलं जाणारं कसं जगलं हे कुणालाच नाही. दुकान एक दिवस बंद ठेवून बकऱ्याचं काय भलं होतं मला अजून कळलेलं नाही, दुसऱ्या दिवशी ते आहेच. तर हात जोडून सांगतो, माझं हे पत्र घेऊन कुणी खाटकाच्या, मुलाणीच्या किंवा धनगराच्या अंगावर जाऊ नका. ह्या साखळीत सगळ्यात जास्त हाल जिथं होतात ती जागा माझ्यासारख्या शेडमध्ये आहे आणि तिथं कुठल्याच धर्माचा काही संबंध नाही, तिथं फक्त एफसीआर असतो, म्हणजे किती खाद्यात किती वजन बसलं तो हिशोब.

शाकाहारी मंडळींनी एवढ्यावर खूश होऊ नये. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध ओठाला लावताना तिचं रेडकू कुठं आहे ते पण विचारा. पारडी झाली तर ती वाढते, नर रेडकू झालं तर त्याला दूध कोण घालणार, ते दावणीला वाळून मरतं किंवा व्यापाऱ्याच्या टेम्पोत जातं. मादीच जन्माला यावी म्हणून लिंगनिर्धारित रेतनाची सोय आता आलेली आहे, दूध संस्थांनी ती गोठ्यागोठ्यापर्यंत पोचवली तर हा प्रश्न बराच हलका होईल.

ग्रुपवर मला जी उत्तरं मिळाली त्यातली दोन घेतो. एक, "झाडाला पण जीव असतो." असेल. पण कोंबडीला मका-सोयाबीनच घालावं लागतं, म्हणजे झाडांची एवढी काळजी असेल तर चिकन कमी खाल्लेलं झाडांना पण बरं. दोन, "गरिबाच्या ताटातलं चिकन महाग करतोस काय?" हा प्रश्न खरा आहे, ह्याला चेष्टेनं उत्तर देता येत नाही. माझ्या शेडवरचे मजूर आठवड्यात एकदा पाव किलो चिकन नेतात, त्यांचं मी महाग करू म्हणत नाही. मी बोलतोय ते आठवड्यात चार वेळा ताट मागवून अर्धं ठेवून उठणाऱ्यांबद्दल, लग्नात दोन हजार माणसांचं जेवण करून पहाटे पातेली ओतणाऱ्यांबद्दल. २०१९ च्या पशुगणनेत देशात कोंबड्या आणि बाकीचे पाळीव पक्षी मिळून ८५ कोटी मोजले. एवढे जीव जन्माला घालून त्यातले काही कचराकोंडाळ्यात टाकायचे, ह्याला कुठल्या गरिबाचं नाव लावताय?

तर मागण्या, सरळ सरळ.

दर समिती करताय तर तिच्यात जनावराच्या हालअपेष्टांचा मुद्दा लेखी घाला, आणि समितीत एक पशुवैद्यक आणि एक धनगर घ्या. दुकानदारांनी पाटी लावावी: बकरं कुठल्या बाजारातनं आणलं, कुठं कापलं, तपासणीचा शिक्का आहे का. चिकनच्या दुकानात जाळी आणि कापायची जागा ह्यात निदान एक आडोसा, एक भिंत, काय लई खर्च नाही. उलट्या टांगून आणलेल्या कोंबड्यांचा माल घेणार नाही असं शंभर दुकानदारांनी ठरवलं तर महिनाभरात ती पद्धत बंद होईल, पन्नास रुपयांच्या दंडाची वाट बघायला नको. हॉटेलवाल्यांनी कमी गर्दीत वाढवलेले पक्षी मागावेत आणि ताटामागं दहा-वीस रुपये जास्त लावून तसं मेनूवर छापावं, आम्ही वाढवून देतो, कंपनीला आम्ही सांगू, फक्त मागणी येऊ दे. मंडळांनी आखाडात बकरं आदल्या रात्री स्पीकरपाशी बांधू नये, कापायचं काम ज्याचं आहे त्यालाच द्यावं, पोरांना तिथं उभं करू नये. आणि सरकारकडं एकच मागणं, विधी आयोगाचा ब्रॉयलरचा मसुदा धूळ खात ठेवू नका, नियम करा आणि त्यात पक्षी कमी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई पण लिहा, नाहीतर नियमाचा सगळा भार परत आमच्याच डोक्यावर येईल आणि आम्ही तो चुकवायची वाट शोधू, हे पण आत्ताच सांगून ठेवतो.

समितीची मीटिंग कधी, कुठल्या तालमीत, ते ग्रुपवर टाका, मी येतो. आणि ज्यांना हे सगळं वाढवून सांगितलेलं वाटतंय त्यांनी माझ्या शेडवर या, गेट उघडं आहे. फक्त पाचव्या आठवड्यात या. पहिल्या आठवड्यात येऊन पिल्लांचे फोटो काढून जाऊ नका.

आपला,
हातकणंगले तालुक्यातला एक शेडवाला